रिमोटवरच्या क्रॉलरचा ॲक्सल गेला? नव्या मंडळींसाठी घरच्या घरी दुरुस्ती

गाडी दगडाला भिडली आहे, मोटरचा आवाज येतोय, पण चाक हलत नाही आणि खालून कट-कट ऐकू येतं. क्रॉलर, म्हणजे दगडधोंड्यांवरून सावकाश चढणारी रिमोटची गाडी, घेतलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतंच. अशा वेळी दोन गोष्टी करू नका. थ्रॉटल आणखी दाबू नका, कारण गिअरचा एखादा दाता उडाला असेल तर त्याचा चुरा उरलेले दाते खातो. आणि घरी येऊन घाईघाईने अख्खा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा, आत गिअर असलेला आडवा भाग) मागवू नका. बऱ्याचदा गेलेली वस्तू म्हणजे एक बारीक पिन असते, नाहीतर एक सैल स्क्रू.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. गेलेला दाता हा परिणाम असतो; खरं कारण त्याच्या आजूबाजूला कुठेतरी असतं. कव्हरच्या स्क्रूचे आटे गेलेले असतात, बेअरिंगला खेळ आलेला असतो, शिम (फट भरणारी पातळ चकती) घातलेली नसते. ते कारण तसंच ठेवून नवे गिअर बसवले, तर तेही त्याच वाटेने जातात. म्हणून खाली बदलण्यापेक्षा तपासण्यावर जास्त भर दिला आहे.

उदाहरणाला १/१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची गाडी धरली आहे. ॲक्सियल कंपनीने २०१६ मध्ये आणलेल्या एससीएक्स-१० टू या गाडीतला एआर-४४ ॲक्सल हा चांगला नमुना आहे. त्यात क्राउन (चाकांचे शाफ्ट फिरवणारा मोठा गिअर) ३० दात्यांचा आणि पिनियन (क्राउनला फिरवणारा छोटा गिअर) ८ दात्यांचा असतो, म्हणजे पिनियन पावणेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. डब्ल्यूपीएल आणि एमएन या कंपन्यांच्या स्वस्त गाड्यांत मापं लहान असतात, पण काम करायची पद्धत हीच.

१. आधी सामान गोळा करा

अर्धवट उघडलेला ॲक्सल टेबलावर ठेवून बाजारात पळायची वेळ येऊ नये. हे हाताशी असू द्या:

- १.५, २ आणि २.५ मिमीचे चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर. गाडीच्या डब्यात येणारी वाकडी ॲलन की बाजूला ठेवा, निम्मे स्क्रू तीच खराब करते.
- चाकाच्या एम-४ नटसाठी ७ मिमीचा बॉक्स पाना
- व्हर्निअर कॅलिपर, साधा डिजिटलही चालेल
- जुना टूथब्रश, थोडं रॉकेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकं
- पाण्याने धुऊन न जाणारं मरीन ग्रीस. ते नसेल तर दुचाकीच्या दुकानातलं लिथियम ग्रीस.
- निळा थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव)
- ०.१ आणि ०.२ मिमी जाडीच्या शिम, आतलं माप ५ मिमी आणि १० मिमी
- स्क्रू ठेवायला स्टीलचं ताट आणि ताटाखाली एक लोहचुंबक
- तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल, विशेषतः सगळे भाग सुटे करून दाखवलेलं चित्र. प्रत्येक भागाचा पार्ट नंबर त्यातच मिळतो.

बेअरिंगसाठी हॉबीच्या दुकानावर अडून राहू नका. क्रॉलरच्या ॲक्सलमध्ये सहसा ५×१०×४, ५×११×४ आणि १०×१५×४ मिमी ही मापं सापडतात. बेअरिंगच्या दुकानात यांनाच अनुक्रमे एमआर-१०५, एमआर-११५ आणि ६७०० म्हणतात. जुनं बेअरिंग व्हर्निअरने मोजा आणि हा नंबर सांगा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी या भागांत स्क्रू, टॅप, ड्रिल आणि हत्यारं बघायला मिळतात. गिअर मात्र हॉबीच्या दुकानातूनच घ्यावे लागतात. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी धरून हिशेब करा आणि ज्या गोष्टी नेहमी जातात त्या एकाच पार्सलमध्ये घ्या.

२. उघडण्याआधी ओळखा

मेन बॅटरी काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. हात गिअरमध्ये असताना मोटर फिरली तर बोट जातं.

आता व्हाइटनरने किंवा पांढऱ्या मार्करने टायरपासून रिमवर आणि हेक्सपासून (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) शाफ्टच्या टोकापर्यंत एकेक रेघ ओढा. नंतर गाडीखाली लाकडी ठोकळा ठेवून चारही चाकं अधांतरी करा, चाकं हाताने फिरवून पाहा आणि कुठली रेघ तुटते ते बघा. टायर आणि रिममधली रेघ तुटली तर तुमचा ॲक्सल ठणठणीत आहे, टायर रिमवर घसरतोय. बीडलॉकचे (टायर रिमवर दाबून धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू आवळले की काम झालं. हेक्स आणि शाफ्टमधली रेघ तुटली तर पिन गेली आहे किंवा हेक्सची खाच गोल झाली आहे.

दोन्ही रेघा शाबूत असतील तर पुढची परीक्षा. एका हाताने गिअरबॉक्सकडून ॲक्सलला जाणारा दांडा, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा.

- चाक फिरतंय, ड्राइव्हशाफ्ट स्थिर आहे आणि कट-कट जाणवते: क्राउन-पिनियनचे दाते गेले.
- एकच चाक मोकळं फिरतंय, आवाज नाही: त्या बाजूचा ॲक्सल शाफ्ट तुटला किंवा लॉकरमध्ये (क्राउन ज्यावर बसतो आणि जो दोन्ही शाफ्ट एकत्र बांधतो तो भाग) बसणारं त्याचं टोक झिजलं.
- ड्राइव्हशाफ्टच्या टोकाचा कप पिनियनच्या दांड्यावर फिरतोय: कपातला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) सैल झाला. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा होणारी गोष्ट आहे, म्हणून ती सगळ्यांत आधी बघा.
- काहीच सुटत नाही, सगळं घट्ट आहे: दोष ॲक्सलमध्ये नाही. वरच्या गिअरबॉक्समधला स्लिपर क्लच (जास्त ताण आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) किंवा स्पर गिअर (मोटरला जोडलेला मोठा गिअर) बघा.

इथे नवे लोक हमखास फसतात असा एक सापळा आहे. बहुतेक क्रॉलरमध्ये दोन्ही चाकं कायमची एकत्र बांधलेली असतात, म्हणजे डावं चाक पुढे फिरवलं की उजवंही पुढेच फिरतं. पण ट्रॅक्सस कंपनीच्या टीआरएक्स-४ सारख्या गाडीत डिफरेंशियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) रिमोटवरून लॉक आणि अनलॉक होतो. तो अनलॉक असताना एक चाक पुढे तर दुसरं मागे फिरणं हेच बरोबर आहे. ते पाहून ॲक्सल खोलायला बसू नका.

३. बाहेरची दुरुस्ती: पिन, हेक्स, नट

चाक काढल्यावर १२ मिमीचं षटकोनी हेक्स दिसतं आणि त्याच्या मागे शाफ्टमधून आडवी गेलेली पिन. पिन सहसा २ मिमी जाडीची असते. ती वाकली किंवा तुटली असेल तर नवी घाला. रानात असाल तर २ मिमीच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा कापून तात्पुरता चालतो. कापताना चष्मा लावा. खिळा किंवा तार घालू नका. मऊ लोखंड पहिल्याच दगडावर वाकतं, आणि मग ती वाकडी पिन भोकातून निघत नाही.

प्लॅस्टिकचं हेक्स आतून गोल झालं असेल तर ते चिकटवून भागत नाही. ॲल्युमिनियमचं, स्क्रूने आवळायचं हेक्स घ्या.

चाकाचा नट नायलॉकचा असतो. तो नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरत असेल तर आतलं नायलॉन संपलं, नट फेकून द्या. शाफ्टच्या टोकाचे आटे थोडे दबले असतील तर एम-४ × ०.७ ची डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून ते पुन्हा उठवता येतात. पूर्ण गेले असतील तर शाफ्टच बदला.

४. स्क्रूचं डोकंच गेलं असेल तर

कव्हर उघडायला गेलात आणि ड्रायव्हर गरगर फिरला, की घाबरू नका. आधी स्क्रूच्या डोक्यातली माती सुईने कोरून काढा. अनेकदा ड्रायव्हर पूर्ण खोल न गेल्यामुळेच तो फिरतो. कोकणात जांभ्यावर गाडी चालवणाऱ्यांच्या स्क्रूमध्ये ती लाल माती अगदी सिमेंटसारखी बसलेली असते.

तरीही निघत नसेल तर २ मिमीच्या गोल झालेल्या भोकात टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) टी-८ चा बिट ठेवा, हलक्या हातोडीने दोन टोले द्या आणि सावकाश फिरवा. टी-८ ची टोकं जेमतेम त्या भोकाच्या कोपऱ्यांत बसतात आणि पकड मिळते. टोला देताना ॲक्सलखाली लाकूड ठेवा, नाहीतर हादरा लिंकच्या (ॲक्सल गाडीला जोडणाऱ्या दांड्यांच्या) प्लॅस्टिकला बसतो. धातूत बसलेला स्क्रू थ्रेडलॉकरने धरलेला असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर थोडा वेळ टेकवा, थ्रेडलॉकर मऊ होतो. प्लॅस्टिकमधल्या स्क्रूवर मात्र ही उष्णता अगदी थोडी द्या, कारण भोवतालचं प्लॅस्टिक वितळलं तर नवं काम मागे लागतं. शेवटचा उपाय म्हणजे रोटरी टूलने डोक्यावर खाच पाडून चपटा स्क्रूड्रायव्हर वापरणं.

५. ॲक्सल उघडणं

आधी मोबाइलवर सर्व बाजूंनी फोटो काढा. शॉकचं खालचं टोक, लिंका, स्टिअरिंगचा रॉड आणि ड्राइव्हशाफ्ट सोडवून ॲक्सल गाडीपासून वेगळा करा. गाडीवरच काम करायचा मोह होतो, पण मेश, म्हणजे दोन गिअरचे दाते एकमेकांत किती बसतात ते, तपासताना दोन्ही हात मोकळे लागतात.

बाहेरून ब्रशने पूर्ण स्वच्छ करा, मगच कव्हर उघडा. मग ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढा. एकसंध घराच्या (बाहेरच्या कवचाच्या) ॲक्सलमध्ये शाफ्ट निघाल्याशिवाय लॉकर बाहेर येतच नाही. लॉकर अडला म्हणून स्क्रूड्रायव्हरने उचकटायला जाऊ नका, शाफ्ट थोडा आत राहिलाय का ते बघा. पुढच्या ॲक्सलमध्ये शाफ्टबरोबर युनिव्हर्सल जॉइंटही (चाक वळलं तरी फिरत राहणारा सांधा) निघतो. त्याचा बारीक ग्रब स्क्रू आणि क्रॉस पिन बघून घ्या.

क्राउन कुठल्या बाजूला होता त्याचा फोटो आत्ताच काढा. हे विसरू नका, पुढे त्याचं काम आहे. बेअरिंगच्या मागे पातळ शिम चिकटलेल्या असतात, त्या ग्रीसमध्ये दिसत नाहीत. कुठली शिम कुठल्या बाजूची, हे ताटात डावी-उजवी वेगळी ठेवून लक्षात ठेवा.

सगळं रॉकेलने धुवा. घराच्या तळाशी बोट फिरवा. चमकणारी कणी लागली तर ती दात्यांची आहे, शेवटच्या कणापर्यंत काढा. रॉकेल लागलेली बेअरिंग वाळवून कानाजवळ धरून फिरवा. खरखर आली किंवा आतली कडी बाहेरच्या कडीत डुगडुगली तर बदला.

६. क्राउन-पिनियन: खरं काम इथे आहे

दाते उजेडात धरून पाहा. दाते कसे गेले आहेत, त्यावरून कारण कळतं.

एकच दाता मुळापासून तुटलाय आणि बाकीचे नवेकोरे आहेत, म्हणजे चाक दगडात अडकलेलं असताना झटका बसला. सगळ्या दात्यांची फक्त टोकं झिजली आहेत आणि मुळाजवळचा भाग तसाच आहे, म्हणजे गिअर एकमेकांत पुरेसे शिरत नव्हते, खेळ जास्त होता. आणि क्राउनच्या एकाच बाजूचे दाते खाल्ले गेले असतील तर लॉकर तिरका बसला होता, म्हणजे कव्हरच्या किंवा बेअरिंगवरच्या कॅपच्या एखाद्या स्क्रूचे आटे गेले असणार किंवा एका बाजूचं बेअरिंग मेलं असणार.

क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदला. झिजलेल्या पिनियनसमोर नवा क्राउन ठेवला तर तो नवाही तसाच झिजतो.

विकत घेताना दात्यांची संख्या तपासा. ॲक्सियलच्याच जुन्या एससीएक्स-१० आणि रेथ या गाड्यांमध्ये ३८/१३ ची जोडी यायची, एआर-४४ मध्ये ३०/८ ची. त्या एकमेकींत बसत नाहीत. जुन्या ॲक्सलसाठी ३६/१४ आणि ४३/१३ अशाही जोड्या मिळतात, पण त्या मुद्दाम पुढची चाकं मागच्यांपेक्षा जलद किंवा सावकाश फिरवण्यासाठी. नव्या माणसाने पुढे-मागे एकच जोडी ठेवावी.

आता मेश. पिनियन आणि त्याची बेअरिंग बसवा. पिनियनचा दांडा पुढे-मागे ओढून पाहा. हललेलं जाणवलं तर ५ मिमीची पातळ शिम घालून तो खेळ आधी संपवा. मग क्राउन लावलेला लॉकर बसवा, ग्रीस न लावता. एका बोटाने पिनियन धरून ठेवा आणि क्राउन किंचित पुढे-मागे हलवा. अगदी बारीक टिक जाणवली पाहिजे. टिक न होता सगळं आवळलेलं वाटलं तर मेश घट्ट आहे. बोटाला स्पष्ट अंतर जाणवलं तर सैल.

सैल असेल तर क्राउनच्या पाठीमागच्या बाजूला, लॉकर आणि बेअरिंगच्या मध्ये, १० मिमीची ०.१ मिमी शिम घाला. त्याने क्राउन पिनियनकडे सरकतो. समोरच्या बाजूला आधीची शिम असेल तर तेवढीच तिथून काढा, नाहीतर लॉकर दोन बेअरिंगांत चेपला जातो. एका वेळी एकच शिम बदला आणि कव्हर लावून पुन्हा तपासा, कारण कव्हर आवळल्यावर मेश बदलतो. उघड्या ॲक्सलवर छान वाटलेला मेश बंद ॲक्सलमध्ये जाम होतो, हे इथलं सर्वांत मोठं फसवं वळण आहे.

कव्हर लावून क्राउनचा पूर्ण फेरा हाताने फिरवा. सगळीकडे सारखाच जोर लागला पाहिजे. एकाच जागी अडत असेल तर त्या दात्यावर फॅक्टरीतली किनार राहिली आहे किंवा क्राउनचे स्क्रू असमान आवळले आहेत. ते स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, थोडे-थोडे आवळायचे, आणि हे धातूत जातात म्हणून त्यांना निळा थ्रेडलॉकर लावायचा. तो पूर्ण पकडायला २४ तास द्या.

समाधान झालं की लॉकर पुन्हा काढा आणि दात्यांवर ग्रीस लावा. दाते झाकले जातील इतकं. घर काठोकाठ भरू नका. गंज सोडवणारा स्प्रे हे गिअरचं वंगण नाही, तो काही वेळात उडून जातो.

७. प्लॅस्टिकमधले आटे गेले असतील तर

कव्हरचा स्क्रू नुसताच फिरत राहतो, आवळतच नाही. याकडे दुर्लक्ष करून ‘बाकीचे तीन आहेत ना’ म्हणणारे लोक तेच तेच गिअर पुन्हा विकत घेतात. हा क्रम धरा:

आधी २ ते ४ मिमी जास्त लांबीचा स्क्रू लागतो का बघा. भोकाच्या तळाशी न वापरलेलं प्लॅस्टिक असेल तर नवे आटे तिथे पडतात. पण काडी घालून खोली मोजा, लांब स्क्रू आत क्राउनला घासता कामा नये.

तसं जमत नसेल आणि भोक आरपार नेता येत असेल तर पलीकडून एम-३ नायलॉक नट लावा. माझ्या मते हाच सर्वांत भरवशाचा उपाय.

तिसरा मार्ग पितळी इन्सर्टचा (आतून आटे असलेल्या छोट्या नळीचा). साधारण ४ मिमीचं भोक करून एम-३ चा इन्सर्ट सोल्डरिंग आयर्नने सरळ रेषेत आत दाबायचा. भोकाभोवती दीड मिमी तरी प्लॅस्टिक शिल्लक असेल तरच हे करा, नाहीतर भिंत फुटते.

सुपरग्लू आणि खायच्या सोड्याने भोक भरून, २.५ मिमीचं ड्रिल मारून एम-३ चे आटे पाडणं हा लोकप्रिय जुगाड आहे. कव्हरपुरता तो चालतो. भोक आधी अल्कोहोलने पूर्ण तेलमुक्त करा, आणि सोडा पडताच मिश्रण गरम होऊन धूर सोडतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा. लिंक किंवा शॉकच्या स्क्रूसाठी मात्र हे वापरू नका. ॲक्सलचं प्लॅस्टिक नायलॉनच्या जातीचं असतं, त्याला सुपरग्लू घट्ट धरत नाही.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी तो उलटा फिरवा. टक्कन जुन्या आट्यात बसल्याचं जाणवतं, तिथून सुलटा फिरवा. एवढ्या एका सवयीने भोकं वर्षानुवर्षं टिकतात. आणि प्लॅस्टिकवर थ्रेडलॉकर कधीच नको, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

८. जोडणी आणि दिशा

फोटो बघत उलट्या क्रमाने जोडा. ड्राइव्हशाफ्टच्या कपातला ग्रब स्क्रू पिनियनच्या दांड्यावरच्या सपाट भागावरच आला पाहिजे, गोल भागावर नाही. इथे थ्रेडलॉकर हवाच.

बॅटरी लावून, चाकं अधांतरी ठेवून हळू थ्रॉटल द्या. चारही चाकं एकाच दिशेने फिरतात का? पुढची पुढे आणि मागची मागे फिरत असतील तर क्राउन लॉकरच्या चुकीच्या बाजूला गेला. मघाचा फोटो बघा आणि क्राउन दुसऱ्या बाजूला करा. तशीच जमिनीवर ठेवली तर दोन ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि नवे गिअर मिनिटात जातात.

पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फिरवा. टोकाला युनिव्हर्सल जॉइंट धडधडत असेल तर रिमोटवर स्टिअरिंगचा एंड पॉइंट (चाक जास्तीत जास्त किती वळेल ती मर्यादा) कमी करा. तो धडधडाट प्रत्येक फेऱ्याला शाफ्टवर झटका मारतो.

९. पहिली फेरी

पहिल्यांदा सपाट मातीवर सावकाश चालवा, डांबरी रस्त्यावर नको. लॉक केलेल्या ॲक्सलला रस्त्यावर वळताना टायर घसरायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण पिनवर आणि दात्यांवर येतो. स्लिपर क्लच असेल तर थोडा सैल ठेवून सुरुवात करा. चाकं अडल्यावर तो किंचित घसरला पाहिजे, एरवी धरून राहिला पाहिजे. मोठे टायर, पितळी वजनं किंवा टू-एसऐवजी थ्री-एस (दोनऐवजी तीन सेलची) बॅटरी लावली असेल तर हा क्लच आणखी जपून लावा.

घरी आल्यावर ॲक्सलला हात लावून पाहा. कोमट चालेल, पण एका बाजूला चटका बसत असेल तर मेश घट्ट आहे, पुन्हा उघडा. कव्हरचे स्क्रू, चाकाचे नट आणि तो कपातला ग्रब स्क्रू एकदा तपासा. पाण्यातून गाडी नेली असेल तर त्याच दिवशी कव्हर उघडून वाळवा आणि ग्रीस बदला, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

रानात नेताना बॅगेत चाकाच्या दोन-तीन पिना, दोन नायलॉक नट, एक हेक्स, एम-३ चे आखूड आणि लांब स्क्रू, ग्रब स्क्रू, १.५ आणि २ मिमीचे ड्रायव्हर आणि ७ मिमीचा पाना ठेवा. क्राउन-पिनियनची जोडी घरीच राहू द्या, कारण ते काम धुळीत करायचं नाही.